सातची आघाडी

वडिलांनी जाण्याआधी कंपनीचे तीन भाग केले. एक माझ्या धाकट्या भावाला, लाइलला. एक माझ्या नवऱ्याला, कर्टला. आणि तिसरा मला. या दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य त्यांना ठाऊक होतं. तिसरा भाग माझ्याकडे आला तो लेकीच्या मायेने नव्हे. दोघं भांडले की कुणाच्या तरी बाजूने हात वर करायला एक माणूस हवं, म्हणून.

कंपनी म्हणजे फॉक्स नदीकाठच्या बंद पडलेल्या कागद गिरणीचा एक मजला आणि फोनवर बसणाऱ्या वीसेक बायका व निवृत्त मास्तर. एरवी आम्ही लोकांना शाळेची करवाढ चालेल का, कुठलं चीज आवडतं, असलं विचारतो. पण राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आली की आमचं विस्कॉन्सिन राज्य अटीतटीचं, आणि सगळ्या देशाला आमचा आकडा हवा असतो. आकडे लाइल काढायचा, गिऱ्हाइकं कर्ट सांभाळायचा, आणि अहवाल मी लिहायचे.

त्या वर्षी लढत होती गव्हर्नर आणि सेनेटर यांच्यात. ऑक्टोबरअखेर आमचा शेवटचा कौल आला, तेव्हा लाइलने कागद टेबलावर ठेवला आणि कॉफी ओतायला गेला. गव्हर्नर सात टक्क्यांनी पुढे. राज्यातल्या बाकी सगळ्या चाचण्या त्याला एक किंवा दोनचीच आघाडी देत होत्या.

कर्टने आकडा पाहिला आणि दार लावून घेतलं. हा आकडा छापला तर आपण देशभर हास्यास्पद ठरू, असं त्याचं म्हणणं. त्याच्याकडे उपायही तयार होता. प्रत्येकाला आपण विचारलंय, मागच्या निवडणुकीत कुणाला मत दिलं होतं. त्या उत्तरांचं प्रमाण मागच्या खऱ्या निकालाशी जुळेल असं वजन लावायचं, की सातचे होतात दोन. त्याने ते करूनही पाहिलं होतं. आणि यात लबाडी काही नाही, कितीतरी नावाजलेले लोक असंच करतात.

हे खरं होतं. वजन तर आम्हीही लावतो. कॉलेज न शिकलेली माणसं फोन कमी उचलतात, म्हणून जी उचलतात त्यांच्या उत्तराला थोडं जास्त वजन. त्यावाचून हा धंदा चालतच नाही.

"मग फोन लावायच्या आधी का नाही सुचलं तुला हे?" लाइल म्हणाला. "आधी ठरवलं असतंस तर मी चकार शब्द काढला नसता. आकडा बघून झाल्यावर कसलं वजन लावतोस? दोन यायला हवेत म्हणून दोन येईपर्यंत ढवळत बसायचं, याला चाचणी म्हणत नाहीत, जावईबापू."

जावईबापू हा शब्द तो कर्टला झोंबावा म्हणूनच वापरायचा. सासऱ्याच्या जिवावर मोठा झालेला, हा त्यातला अर्थ सगळ्यांना कळत असे.

"तू चाचण्या घेतोस ना, त्या मी विकतो म्हणून," कर्ट शांतपणे म्हणाला. "नाहीतर तू आज कुठल्या तरी कॉलेजात पोरांना सरासरी शिकवत बसला असतास. तेही त्यांनी ठेवून घेतलं असतं तर."

लाइलला एका कॉलेजातून काढलं होतं, ते त्याच्या तोंडामुळे. त्याचं तोंड कसं आहे हे लहानपणापासून मी भोगलंय, त्यामुळे मला त्याची कीव आली नाही.

मग लाइलने मला समजावलं. त्याला काही हवं असलं की तो मला ताई म्हणतो, एरवी जेनेल. "ताई, बघ. सहाशे माणसांना विचारलं तर प्रत्येक उमेदवाराचा आकडा चारने इकडे-तिकडे होतो. आघाडी तर जवळजवळ आठने हलू शकते. म्हणजे आपला सात आणि त्यांचा एक यांत भांडण नाहीच. मला बोचतंय ते वेगळंच. अकरा चाचण्या झाल्या आणि अकराच्या अकरा एक नाहीतर दोनवर? नुसत्या नशिबाने तरी चार जण भरकटायला हवे होते. अकरा जणांनी लांबून बाण मारले तर ते एका भोकात जात नाहीत. हे जवळ जाऊन हाताने खोचलेत."

"म्हणजे सगळे चोर, आणि तू एकटा सज्जन," कर्ट म्हणाला.

"सगळे भित्रे. चोर व्हायला निदान थोडी हिंमत लागते."

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मला दोघांचा राग आला होता. कर्टचा, कारण त्याने आधीच बोलून ठेवलं असणार याची मला खात्री होती. आणि तसंच निघालं. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक असलेल्या दैनिकाच्या संपादक डॉम्ब्रोव्स्की बाईंना त्याने सकाळीच "साधारण दोन" असं सांगून टाकलं होतं, मला न विचारता. आणि लाइलचा, कारण आपण बरोबर आहोत याची त्याला गोडी लागली होती.

"सात छापा," मी म्हणाले.

कर्टने कोट उचलला. दारात थांबून म्हणाला, "बापाचीच मुलगी तू. मी या घरात भाडेकरू आहे हे विसरलोच होतो."

सात छापून आले. मी अहवालात स्पष्ट लिहिलं होतं की आघाडी आठने इकडे-तिकडे होऊ शकते, म्हणजे ही लढत अजून अटीतटीचीही असू शकते. ते वाक्य पंधराव्या परिच्छेदात गेलं. मथळ्यात फक्त सात.

सेनेटरचे लोक चिडणार हे ठरलेलंच होतं. आम्ही विकले गेलो, किती घेतले, असे फोन आले. फोनवर बसणाऱ्या बायका इतक्या शिव्या ऐकून रडकुंडीला आल्या. पण गव्हर्नरचे लोक जास्त पेटतील असं मला वाटलं नव्हतं. त्यांच्या इथल्या प्रमुखाने मला सुनावलं की सातने पुढे आहोत हे वाचून आमचे मतदार घरी बसतील, आणि हरलो तर ते तुमच्यामुळे. कुणीतरी गिरणीच्या दारावर लाल रंग फेकला. कुठल्या बाजूने, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

शुक्रवारी आम्ही नेहमीप्रमाणे तळलेला मासा खायला सपर क्लबात, म्हणजे गावातल्या जुन्या धाटणीच्या हॉटेलात, गेलो. कर्ट आला, कारण न येणं म्हणजे आमचं भांडण गावाला सांगणं. माझ्याबरोबर शाळेत असलेली डार्ला टेबलापाशी आली आणि हसत म्हणाली, "काय गं, आता मत द्यायची गरजच नाही म्हणे? तुम्हीच ठरवून टाकलंत." शेजारच्या टेबलावरचे हसले. मी कर्टकडे पाहिलं. वाटलं, आता तरी काही बोलेल.

"मला नका विचारू," तो डार्लाला म्हणाला. "हिच्या घरच्यांचा आकडा आहे तो."

घरी जाताना मी त्याला सांगितलं, पुन्हा चारचौघांत असं केलंस तर मी तिथेच तोंडावर पेला ओतेन. तो म्हणाला, मग निदान लोकांना तुमची खरी जात दिसेल.

निवडणूक झाली. सकाळपर्यंत मोजणी चालली. विस्कॉन्सिनमध्ये गव्हर्नर जिंकला, पण एक टक्क्याहूनही कमी मतांनी. ज्यांनी ढवळून दोन काढले होते ते सगळे बरोबर ठरले, आणि आम्ही चुकलो. आठच्या आतच चुकलो, लाइलचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. पण ते ऐकायला कुणाला वेळ नव्हता. डॉम्ब्रोव्स्की बाईंनी दोन ओळींत कळवलं की यापुढे दैनिकाला आमची गरज नाही.

कर्ट ओरडला नाही. त्याने फक्त निकालाचं पान छापून लाइलच्या टेबलावर चिकटवलं. लाइलने ते काढलं, नीट घडी केली आणि म्हणाला, "त्यांचं उत्तर बरोबर आलं. पण त्यांनी मोजलं नव्हतं."

"हे तू बेकारांच्या रांगेत उभं राहून सांग," कर्ट म्हणाला, आणि त्याच आठवड्यात तळ्याकाठच्या आमच्या लाकडी घरात राहायला गेला.

हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी तो बंदूक आणि नारिंगी जाकीट न्यायला आला. मी सूप गरम केलं. तो बसला, जेवला. बऱ्याच दिवसांनी आवाज मऊ होता. म्हणाला, झालं ते झालं. लाइलला त्याचा वाटा देऊन मोकळं करू, आपण दोघं नव्याने सुरुवात करू. दैनिक परत येईल, टीव्हीवाले येतील. मी परत आलेलं तुला चालेल ना?

मला चाललं असतं. बावीस वर्षांचा संसार होता, आणि रिकामं घर मला मानवत नव्हतं. पण एक गोष्ट विचारल्यावाचून राहवेना.

"बाकीच्या अकरा जणांचेही सात आले असते तर?"

"मग काय, छापले असते की सात." तो ब्रेड सुपात बुडवत होता. "त्यात विचारायचं काय?"

तो खोटं बोलत नव्हता, काही लपवतही नव्हता. मी काय विचारलं हेच त्याला कळलं नव्हतं. हा माणूस कुठल्याही बाबतीत आधी इतरांचं तोंड बघेल आणि मग आपलं मत सांगेल, माझ्याविषयीसुद्धा, हे मला त्या क्षणी इतकं लख्ख दिसलं की मी चमचा खाली ठेवला.

"बंदूक घे आणि जा," मी म्हणाले.

"काय केलं मी आता?"

"काही नाही. जा."

त्याने दार आपटलं. पायऱ्यांवरून ओरडून सांगितलं की मी आणि माझा भाऊ एकाच माळेचे मणी, कुजत पडा दोघं त्या गिरणीत.

वसंतात कंपनी कायद्याने फुटली. कर्टने शहरात नवीन ऑफिस थाटलं, दैनिक आणि टीव्ही त्याच्याकडे गेले, आणि फोनवरच्या निम्म्या बायकाही. त्याचं उत्तम चाललंय. त्याचे आकडे कधी कुणाहून फार वेगळे येत नाहीत.

आमच्याकडे सांडपाण्याच्या प्रकल्पावर लोकांचं मत विचारायचं काम आलं आहे. लाइलने अजून मला थँक्यू म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. काल मी लिहिलेला अहवाल त्याने परत पाठवला. एकेचाळीस टक्के लोक अनिश्चित आहेत, याला मी "बहुतेक लोक" कसं म्हटलं, आणि इतक्या वर्षांत एवढंही शिकले नाही का, असं वर लिहून. मी त्याला फोन करून सांगितलं की पुन्हा या सुरात लिहिलंस तर तुझा वाटा कर्टला विकीन. मग बसले आणि ते वाक्य दुरुस्त केलं.