हिरव्याने घातलेलं अंडं

"नर पक्का म्हणून दिलात, आणि याने अंडं घातलंय!" गिऱ्हाइकाने हिरव्या पोपटाचा पिंजरा माझ्यासमोर आपटला.

माझं डोकंच फिरलं. बाप पिवळा, आई हिरवी असली की हिरवं पिल्लू नरच निघतं. म्हणजे याचा बाप माझा पिवळा नव्हताच. जोडी लावली त्या दिवसांत मी परगावी होतो, तेव्हा पिंजऱ्यांच्या किल्ल्या मेहुण्याकडे होत्या. त्याने माझ्या मादीजवळ स्वतःचा हिरवा नर सोडला? फुकटात? हा माणूस कुणाला पाणीही विचारत नाही!

तडक त्याच्या घरी गेलो. त्याच्याकडे होती ती फक्त हिरवी जोडी; पिवळा पोपट त्याने कधी पाळलाच नव्हता. दारातच त्याचा आवाज ऐकू आला. फोनवर कुणाला तरी छातीठोकपणे सांगत होता, "पिल्लांचा बाप पिवळाच. हिरवं घ्या, नर पक्का!"