शेवंताआत्याच्या हातावरचा कापूर

"महाराज, देवीनं आग थंड केली, तर आत्याच्या हाताले फोड कावून आला?"

हे विचारून दाखव, अशी पैज माझ्या मैत्रिणी कमलिनी आणि विजयानं लावली होती. मी खुर्सीपार वस्तीतल्या महाराजांच्या भरल्या मांडवात विचारलं. साऱ्या बाया वळून पाहू लागल्या.

समोर पाटावर माझी शेवंताआत्या होती. तिच्या तळहातावर जळता कापूर ठेवला तरी ती हूं की चूं करत नसे. बाया पाया पडत. महाराज बजावत, देवी अंगात आहे, सुई टोचाल तर रुसेल. सुई म्हणजे आत्याच्या कॅन्सरवरचं इंजेक्शन. ते बंद झालं आणि मानेतली विरलेली गाठ पुन्हा वर आली.

घरी कुणाला नवल नव्हतं. बाबा कारखान्यात भट्टीवर. चटका न लागणं ही आमच्या घराण्याची मिजास. आत्यानं गरम तवा हातानं उचलला तेव्हा बाबा कौतुकानं म्हणाले होते, "भट्टीवाल्याची बहीण आहे."

महाराज हसले. "पोरी, तो फोड नाही, प्रसाद आहे."

"मंग तुमी बी घ्या. पण हाताची राख पुसून."

ते तळहाताला ओली राख थापत आणि जळता कापूर या हातातून त्या हातात नाचवत. मी ओढणी पुढे केली. महाराजांना एकदम मुहूर्त आठवला. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

मी आत्याला डोळे मिटायला लावले. वेणीतली पिन तिच्या बोटाला टोचली.

"टोच ना," आत्या म्हणाली.

माझं टोचून झालं होतं.

आदल्या दिवशी मी तिच्या डॉक्टरांना गाठलं होतं. गाठ विरवणारं औषधच हातापायांच्या नसा बधिर करतं, ते म्हणाले. वेळीच सांगितलं असतं तर मात्रा कमी करता आली असती. संवेदना हळूहळू येईल, कदाचित पुरती येणार नाही. तेव्हा, बायांनो, दुखायला हवं तिथे दुखत नसेल तर नारळ फोडू नका, डॉक्टरला सांगा.

मांडवात मी हेच सांगितलं. काही बाया उठल्या. बाकीच्या नारळ सावरून बसून राहिल्या.

वाटेत आत्या रडली. "देवी होती तवरी मले कोणी बिमार नाही म्हणलं वं."



घरी पोचताच मी आईबाबांना सांगितलं, "उद्या आत्याले दवाखान्यात मी नेऊन राहिली. शाळा बुडू द्या. बाबा, तुमी बी चला. रस्त्यानं तिच्या चपलेवर ध्यान ठेवा. पायातून सुटली तरी तिले समजत नाही."