कमरेएवढ्या उंचीवर

मूठ येताना दिसली तशी पद्मिनी सवयीनं खाली वाकली. मूठ तिच्या कानाला घासून मागच्या भिंतीत घुसली, कमरेएवढ्या उंचीवर. जपानी घरांच्या आतल्या भिंती त्या केवढ्याशा! पुढे पातळ पत्रा म्हणावा तसा पांढरा बोर्ड, मागे नुसती पोकळी. प्रथमेशनं हात ओढून काढला तेव्हा पांढरा भुगा तिच्या केसांत पडला.

"थर्मोस्टॅट बेडरूममध्येच लागणार," तो म्हणाला. "घर किती गरम करायचं ते मी ठरवीन."

हॉलमध्ये लावूया, म्हणजे सगळ्या घराला सारखी ऊब मिळेल, एवढंच ती म्हणाली होती. बस्स, एवढ्यावरून हे रामायण. टोकियोजवळच्या ग्योतोकुतल्या या नव्या घरात पुण्याचं सगळं सामान अजून पोचलं नव्हतं, नवऱ्याचा राग मात्र सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता.

भोक बघून तो चरकला. बायकोसाठी नव्हे हो, आईसाठी. अरुणाबाई संध्याकाळी पुण्याहून पोचणार होत्या. दिवाळीत पद्मिनीनं मनाचा हिय्या करून त्यांना फोनवर सांगितलं होतं, "आई, प्रथमेश मला मारतो." त्या म्हणाल्या, "कामाचा ताण असेल गं." आता इथं येऊन डोळ्यांनी बघतील, मग तरी विश्वास ठेवतील, या एका आशेवर ती दिवस काढत होती.

"थर्मोस्टॅट या भोकावरच लावू," प्रथमेश म्हणाला. "झाकलं जाईल."

"अरे, या भिंतीमागे शेगडी आहे. ती तापली की त्याला वाटेल घर गरम झालं. बाकीचं घर गारठेल."

त्यानं तिचं मनगट पिरगाळलं. "गारठू दे."

थोड्या वेळानं थर्मोस्टॅट बसवणारे मोरी-सान अवजारांची पेटी घेऊन आले. लोकांपुढे प्रथमेश कसा साखरेचा! कमरेतून वाकला, गोड हसला. मागून त्याची बोटं मात्र तिच्या दंडात रुतलेली. त्याचं जपानी स्टेशन आणि कोपऱ्यावरच्या कोंबिनी दुकानापुरतं, ऑफिसात सगळं इंग्रजी. घरी कोणी आलं की बोलायचं काम पुण्यात जपानी शिकलेल्या पद्मिनीचं.

"सांग त्यांना, भोकावर बसवा म्हणावं."

पद्मिनीनं स्वच्छ जपानीत सांगितलं, "भोक झाकू नका. योग्य जागा असेल तिथं लावा."

मोरी-साननी भोकाकडे पाहिलं, मग तिच्या लाल कानाकडे. ते सरळ हॉलच्या मधल्या भिंतीपाशी गेले. तिथं ऊन येत नव्हतं, दाराचा वाराही लागत नव्हता. ड्रिल सुरू झालं. प्रथमेश हसतच राहिला, दंडावरची बोटं तेवढी आवळत गेली.

ते गेले, दार लागलं, आणि त्यानं तिचे केस धरून तिचं तोंड भिंतीवर आपटलं. मग पुन्हा आपटलं. ओठ फाटून रक्त हनुवटीवर आलं.

"भाषा येते म्हणून माज आलाय होय?"

ती खाली बसली. त्यानं स्वयंपाकघरातलं कॅलेंडर ओढून काढलं आणि भोकावर टेपनं चिकटवलं. झालं, संपलं सगळं, तिला वाटलं. आता कोण बघतंय?

संध्याकाळी अरुणाबाई टॅक्सीतून उतरल्या. सुनेच्या ओठाकडे त्यांचं लक्ष गेलं, तसा प्रथमेशच बोलला, "बाथरूममध्ये घसरली." त्यांनी मान हलवली, चपला काढल्या, आत आल्या. आणि कॅलेंडरपाशी थबकल्या.

"आमच्याकडेही असंच असायचं," त्या हळूच म्हणाल्या. "स्वयंपाकघरात, एवढ्याच उंचीवर. पाव्हणे हसायचे, इतकं खाली कॅलेंडर कोण लावतं म्हणून. तुझे बाबा दर वर्षी नवं आणून तिथंच लावायचे."

प्रथमेशनं मान खाली घातली. अरुणाबाईंनी टेप सोलून कॅलेंडर उतरवलं. भोकात हात घातला. तो मनगटापर्यंत आत गेला.

"पद्मिनी, तुझा पासपोर्ट कुठाय?"

"कपाटात, आई."

"काढ. चार कपडे घे. माझी बॅग अजून दाराशीच आहे, ती तिथंच राहू दे."

"आई, ऐक ना," म्हणत प्रथमेश पुढे आला.

"तू बस तिथं," अरुणाबाई म्हणाल्या. "आणि हात मांडीवर ठेव. मला दिसतील असे."