दुसरी लाथ

समोरच्या माणसाचं तोंड उघडं ठेवायचं, त्याच्याशी एकट्यानंच बोलत राहायचं, आणि तो उलट काही बोलत नाही म्हणजे त्याला आपलं म्हणणं पटलं असं समजायचं, ही खोड दातांच्या डॉक्टरला धंद्यातच लागते. मला ती अंमळ जास्तच लागली आहे. तेव्हा टीव्हीवरच्या चर्चेला मला बोलावलं, ते माझ्या विद्वत्तेमुळे असा कुणी गैरसमज करून घेऊ नये. मी मात्र करून घेतला होता.

झालं असं, की आमच्या शहरात एका माणसानं औषधांच्या दुकानाबाहेर बांधलेल्या कुत्र्याला लाथा मारल्या. एक नाही, दोन. बसची वाट बघणाऱ्या कुणीतरी ते मोबाइलवर टिपलं आणि संध्याकाळपर्यंत ते घरोघरी पोचलं. माणूस पाठमोरा होता. चेहरा दिसत नव्हता, पण मान दिसत होती, हात दिसत होते, आणि त्यांचा रंग दिसत होता. तो आमचा रंग होता. आम्ही इथल्या लोकांपेक्षा चार छटा गडद. आजोबा इथे आले, वडील इथे जन्मले, मी इथेच शिकलो आणि इथल्याच लोकांच्या दाढा उपटतो. तरी नवा पेशंट खुर्चीत टेकला की विचारतो, "डॉक्टर, तुम्ही मूळचे कुठले?" मी सांगतो, "मागच्या गल्लीतला." तो हसतो आणि म्हणतो, "नाही, पण मूळचे?"

वृत्तवाहिनीवरची निवेदिका माझी पेशंट. तिचा फोन आला.

"डॉक्टर, आजच्या चर्चेत तुमच्यातर्फे कुणीतरी हवं."

"माझ्यातर्फे?"

"तुमच्या लोकांतर्फे हो. तुम्ही किती समतोल बोलता!"

समतोल! बायकोनं हा शब्द माझ्याबद्दल लग्नापासून एकदाही वापरलेला नाही. मी लगेच हो म्हटलं आणि टाय शोधायला लागलो.

"त्या माणसाला तुम्ही ओळखता का?" बायकोनं विचारलं.

"नाही."

"मग बोलणार काय?"

"समाजाच्या वतीनं बोलणार."

"समाजानं सांगितलंय?"

"समाजाला विचारत बसायला वेळ कुठे आहे? आत्ता गाडी येईल."

टायची गाठ तिनं गरजेपेक्षा जरा घट्ट बांधली.

स्टुडिओत मेकअप करणाऱ्या बाईंकडे माझ्या रंगाची पावडर नव्हती. त्यांनी दोन डब्यांतली एकत्र कालवली आणि मला ओल आलेल्या भिंतीची कळा आली. त्या भिंतीला मग दोन विद्वानांच्या मध्ये बसवलं. एक म्हणाले, मुक्या जनावरांशी असं वागणं काही लोकांच्या रक्तातच असतं. दुसऱ्या म्हणाल्या, लाथ मारणारा आपल्यातला असता तर हा व्हिडिओ कुणी पाहिलाही नसता. दोघंही माझ्या डोक्यावरून एकमेकांशी भांडत होते. मग निवेदिका माझ्याकडे वळली, आणि कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला. मी मान खाली घातली आणि म्हणालो, "माझ्या संपूर्ण समाजाच्या वतीनं मी या शहराची माफी मागतो."

काय आवाज लागला होता माझा! निवेदिकेचे डोळे पाणावले. खरं सांगायचं तर माझेही पाणावले, आणि ते पाणी कुत्र्यासाठी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात माझं कौतुकच कौतुक. "तुमच्यातले सगळे तुमच्यासारखे असते तर!" असं एक आजोबा कवळी काढून ठेवत म्हणाले. मी हसून मान डोलावली. या वाक्यात मला कौतुक दिसलं, बाकीच्या सगळ्यांना ठेवलेल्या नावांचा मला पत्ताच लागला नाही. तो लागला ताईच्या फोननं. माझी थोरली बहीण नर्स आहे आणि ओरडायचं असलं की ती आवाज खाली आणते.

"तुला कुणी सांगितलं होतं माफी मागायला?" तिनं अगदी हळू विचारलं. "माझ्या वॉर्डातली एक बाई मला रोज तिच्या कुत्र्याचे फोटो दाखवते. आज फोनवर फोटो उघडला, माझ्याकडे बघितलं आणि फोन उशीखाली सारला. म्हणाली, तुमच्या भावानं कबूल केलं ते बरं झालं. काय कबूल केलंस रे बाबा तू? मी कुठल्या कुत्र्याला लाथ मारली?"

त्यानंतर आमच्या समाजाच्या मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. निवडणूक होऊन ते अध्यक्ष झाले होते, याची त्यांनी मला तीनतीनदा आठवण करून दिली.

आता शहाणा माणूस काय करेल? गप्प बसेल. मी निवेदिकेला फोन केला आणि मला पुन्हा बोलवा असं सांगितलं. या वेळी मी ताठ बसलो. टेबलावर मूठ आपटून म्हणालो, की हा सगळा रंगद्वेष आहे आणि आमच्यातला कुणीही कुणापुढे मान झुकवणार नाही. आधी ज्यांनी शिव्या घातल्या होत्या त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि कवळीवाल्या आजोबांनी दुसरा डॉक्टर शोधला. कुणा रिकामटेकड्यानं माझी दोन्ही भाषणं एकापुढे एक जोडली. मी माफी मागतो, मूठ आपटतो, माफी मागतो, मूठ आपटतो. खाली ठेका धरणारं संगीतही होतं.

बायकोनं ते पाहिलं. हसली नाही, हे तिचे उपकार.

"त्या कुत्र्याचं काय झालं हो?" तिनं विचारलं.

मला माहीत नव्हतं. दोन्ही कार्यक्रमांत कुणी विचारलंच नव्हतं. मी प्राण्यांविषयीच्या करुणेवर दोनदा बोललो होतो, आणि तो कुत्रा जिवंत आहे की नाही हेही मला ठाऊक नव्हतं.

त्याच आठवड्यात एक नवा पेशंट आला. आमच्याच रंगाचा, पन्नाशीचा, कडक इस्त्रीचा शर्ट. मोटार ड्रायव्हिंग शिकवतो म्हणाला. खालची दाढ ठणकत होती. मी त्याच्या तोंडात कापूस कोंबला, नळी अडकवली आणि आपल्या माणसाजवळ मन मोकळं करावं म्हणून बोलायला लागलो. एका मूर्खाच्या पायी सगळ्या समाजाला कशी किंमत मोजावी लागते, हे त्याला समजावून सांगितलं. तो घशातून काहीतरी आवाज काढत होता. मी त्याला दुजोरा समजलो आणि दाढ कोरत राहिलो.

शेवटी त्यानं चूळ भरली, तोंड पुसलं आणि म्हणाला, "तो मूर्ख मी."

माझ्या हातातला आरसा खाली पडला.

"कुत्रा आधी माझ्या अंगावर आला," तो घाईघाईनं म्हणाला. "दोरी लांब होती. बांधायचं तर नीट बांधावं ना माणसानं." मग त्यानं पुन्हा चूळ भरली. "म्हणजे पहिली लाथ घाबरून बसली. ती कुणाच्याही हातून घडली असती. दुसरी तशी नव्हती. तोवर तो मागे सरला होता. ती मी मारली."

"का?"

"लोकांसमोर दचकलो होतो ना. त्याचा राग." तो माझ्याकडे बघायला लागला. "दुसऱ्याच दिवशी मी कुत्र्याच्या मालकीणबाईंकडे माफी मागायला जाणार होतो. तेवढ्यात तुम्ही टीव्हीवर आलात. म्हटलं, आता मी काय मागायचं? झाली मागून. सगळ्या समाजाची, घाऊक. मग म्हटलं, तरी जाऊ. तर तुम्ही पुन्हा आलात आणि मूठ आपटलीत. आता मी गेलो तर आपलेच लोक म्हणतील, याला कणा नाही. डॉक्टर, त्या दुसऱ्या लाथेशी तुमचा काय संबंध होता?"

मी फार वेळ हात धूत राहिलो.

"मी येतो तुमच्याबरोबर," शेवटी म्हणालो.

"नको."

"मध्यस्थ म्हणून—"

"नकोच."

मी गेलोच. कुत्र्याच्या मालकीणबाई निवृत्त संगीतशिक्षिका. तिसऱ्या मजल्यावर राहायच्या आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. दार त्यांनीच उघडलं. कुत्रा बटाट्याच्या रंगाचा होता आणि त्याचं नावही बटाट्याच होतं. पुढच्या उजव्या पायाला प्लास्टर. ड्रायव्हिंगवाल्याला पाहताच तो भुंकला नाही, गुरगुरला नाही. खुरडत खुरडत पियानोच्या मागे गेला आणि तिथून नुसता थरथरताना ऐकू येत राहिला. प्लास्टर लाकडावर टकटक वाजत होतं.

ते ऐकून माझं तयार केलेलं पहिलं वाक्यच गेलं. ड्रायव्हिंगवाला उंबऱ्याबाहेरच थांबला.

"मी मारलं त्याला," तो म्हणाला. "दोनदा. दुसऱ्या वेळी काहीच कारण नव्हतं. माझं चुकलं."

बाईंनी त्याला आत या म्हटलं नाही. माफ केलं असंही म्हटलं नाही. "दुसऱ्या लाथेनंच मोडला पाय," एवढंच म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही टीव्हीवरचे ना? तुम्ही कुणाच्या वतीनं आलात?"

"मी यांचा दातांचा डॉक्टर," मी म्हणालो.

"बरं. तुमच्या लोकांना कुत्र्यांची भीतीच असते नाही का, मुळात?"

मी छाती भरून श्वास घेतला. माझ्याकडे या विषयावर पुष्कळ मुद्दे होते. तेवढ्यात माझ्या पावलावर एक बूट दाबून बसला. शिकाऊ माणूस चुकीच्या वळणावर निघाला की शिकवणारे आपल्या बाजूचा ब्रेक दाबतात, तसा. श्वास मी हळूहळू सोडून दिला.

"मला असते," ड्रायव्हिंगवाला म्हणाला. "लहानपणी चावला होता. बाकीच्यांचं त्यांना विचारा."

बोलण्याबोलण्यात कळलं, की त्यांचे गुडघे गेलेत आणि बटाट्याला रोज सकाळी उचलून खाली न्यायला कुणी नाही. "मी येईन," ड्रायव्हिंगवाला लगेच म्हणाला. पियानोमागची टकटक वाढली. ते काही जमण्यासारखं नव्हतं. मग दोघांनीही माझ्याकडे पाहिलं.

अशा रीतीनं मी कामाला लागलो. रोज दवाखान्याआधी तिथे जायचं, बटाट्याला छातीशी धरून तीन जिने उतरायचे, झाडाशी उभं करायचं, आणि पुन्हा छातीशी धरून वर आणायचं. बटाट्या दिसतो त्यापेक्षा जड आहे. ड्रायव्हिंगवाला रस्त्याच्या पलीकडे पिशवी आणि फावडं घेऊन उभा असायचा. आम्ही वर गेलो की तो अलीकडे येऊन घाण उचलायचा. शिकवण्या निम्म्या झाल्या म्हणून कुरकुर करायचा, कुत्रा जरा जास्तच खातो असंही म्हणायचा. पण चुकला नाही एकदाही. मी दोनदा चुकलो, एकदा पाठीमुळे आणि एकदा आळसामुळे.

असाच एकदा जिन्यात असताना खिशातला फोन वाजला. निवेदिका असणार, ती बायकोकडे आधीच निरोप ठेवून होती. गुन्हेगार, मालकीण आणि कुत्रा यांची भेट तिला थेट दाखवायची होती, आणि दुवा म्हणून मध्ये मी. मी तो फोन उचलला नाही. यात संयम वगैरे काही शोधू नये. माझे दोन्ही हात कुत्र्याखाली होते आणि त्यानं माझा टाय तोंडात धरला होता. खाली पोचून श्वास जागेवर आल्यावर मी फोन केला, हेही सांगून टाकतो. पण तोवर एका आमदाराच्या घटस्फोटाचं निघालं होतं आणि तिला वेळ नव्हता.

यथावकाश प्लास्टर निघालं. पाय बसला, थोडा वाकडाच. त्या दिवशी बटाट्या स्वतः जिना उतरला, दर पायरीला थांबत, आणि मी त्याच्यापुढे उलटा, हात पसरून. बाई कठड्याला धरून मागून येत होत्या. खाली आल्यावर पलीकडून ड्रायव्हिंगवाल्यानं हात वर केला. बटाट्यानं त्याच्याकडे पाहिलं, कान पाडले आणि लंगडत भिंतीच्या कडेनं दुसऱ्या दिशेला चालू लागला. ड्रायव्हिंगवाल्यानं हात खाली घेतला. मग फावडं गाडीच्या डिकीत ठेवून शिकवणीला निघून गेला.

"उद्यापासून तुम्ही नाही आलात तरी चालेल," बाई मला म्हणाल्या.

मला वाईट वाटलं. काहीतरी बोलावंसं वाटत होतं, चांगलं, लक्षात राहील असं. पण बटाट्या बराच पुढे गेला होता, आणि बाईंना त्याच्यामागे जायची घाई होती.