रगड्याला लागलेली नजर

मांगराच्या दारात चपलांचा ढीग आणि आत माणसांवर माणसं. एरवी या गवताच्या कोठारात हापूसच्या पेट्या भरायच्या. सत्त्याऐंशी साली मोसम सरत आला तेव्हा गवताच्या वासात उदबत्तीचा धूर मिसळला होता. पाटावर रंगीत टीव्ही, त्याच्यापुढे टाइपरायटरसारख्या कळांची पाटी, तिला हळदकुंकू. शेजारी टेपरेकॉर्डर. यंत्रबुवांनी कॅसेट सारून बटण दाबलं, तशी कान कुरतडणारी किंचाळी उठली आणि सगळा मांगर हात जोडून उभा राहिला.

"अनाहत नाद," बुवा डोळे मिटून म्हणाले. "देव यंत्रात उतरतोय. उतरताना त्याला त्रास होतो. एकदा उतरला की कोणाच्याही बोटांतून बोलतो."

गर्दीत उभ्या असलेल्या आनंदीने दात आवळले. कॅसेटवरचा प्रोग्रॅम कॉम्प्युटरमध्ये भरताना असाच आवाज होतो. मुंबईत ती प्रोग्रॅम लिहायला शिकली त्या क्लासातही व्हायचा, फक्त तिथे त्याला कोणी नमस्कार करत नसे. पण शेजारी तिची आई, माई, डोळे मिटून उभी होती, आणि अधूनमधून पदरात तोंड घालून खोकत होती.

त्या खोकल्यासाठीच तर आनंदी आली होती. रजेवर घरी पोचली तेव्हा माईच्या क्षयाच्या गोळ्या फळीवर तशाच पडलेल्या. यंत्राने कौल दिला होता, गोळी बंद, अंगारा सुरू.

"अर्ध्यात सोडल्यो तर रोग परत उठता गो," आनंदीने परोपरीने सांगितलं. "मग त्याच गोळ्यांक जुमानणा नाय."

"लाल जाय होती," माई खालच्या आवाजात म्हणाली. "लघवी. माका वाटलां रगात भायर पडता. डॉक्टराक कसां सांगू असलां? त्येका वेळ तरी खंय? यंत्रान सगळां ऐकल्यान. माझां नाव, गाव, शिमग्यापासून त्रास आसा, सगळां सांगल्यान."

"तूच सांगलंस तां. त्येनी परत सांगल्यान."

मग आनंदीने तिला आपलं कामच समजावलं. गोदामातला कारकून कॉम्प्युटरवर मागणीचं वाक्य लिहितो. कॉम्प्युटर ते तोडतो, कुठला शब्द कुठल्या जागी आहे ते बघतो आणि त्यातून हुकूम तयार करतो. त्यासाठी दर वेळी सगळं नव्याने लिहावं लागत नाही. जुन्या लोकांनी लिहून ठेवलेले तयार तुकडे असतात, त्या साठ्याला त्यांच्यात लायब्ररी म्हणतात. वाक्य तोडणारा तुकडा त्यातला, जागा तपासणाराही त्यातलाच. आपण फक्त आपल्या वाक्याचे नियम सांगायचे.

"शिरवाळ्यांच्या साच्यासारखां," ती तांदळाच्या शेवयांच्या साच्याकडे बोट दाखवत म्हणाली. "उकड घाल, शिरवाळे पडतले. चिखल घाल, तरी शिरवाळेच पडतले. साच्याक काय कळता?"

माईने विचार केला. "म्हणजे तूय कौल लावतंस?"

"नाय गो."

"मग तुझां यंत्र गोदामाचां, ह्यां देवाचां. वेगळां आसतलां."

आनंदीने कपाळाला हात लावला. शेजारचे काशिनाथ गुरुजी, जन्मभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले, यांनाही तिने हेच सांगून पाहिलं. "मुद्दा बिनतोड आहे," ते म्हणाले, आणि छत्री घेऊन मांगराकडे निघाले. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मालवणी उमटायची, आणि ती मोठ्याने वाचायचा मान गुरुजींचा होता.

आताही तेच पुढे बसले होते. आधी महादू उठला. "बुवानू, होडी इकू काय नको कळणा नाय, झोप उडाली हा."

बुवांनी एका बोटाने कळा दाबल्या. गुरुजींनी वाचलं, "भाव शुद्ध नाय."

मांगर हळहळला. "गाऱ्हाणं घाल, बाबा," बुवा मायेने म्हणाले. "देवाला गाऱ्हाणं लागतं."

मग महादूने रीतसर गाऱ्हाणं घातलं. देवाला हाक, आपलं नाव, मुक्काम, त्रास, कधीपासून, उपाय सांग. यंत्राने लगेच त्याला नावाने हाक मारून उपाय दिला. "व्हय म्हाराजा," मांगर गरजला.

आनंदीला हसू की रडू कळेना. भाव अशुद्ध कसला, शब्द जागेवर नव्हते एवढंच. गोदामातल्या कारकुनांना ठरलेल्या क्रमाने लिहायला शिकवताना तिच्या नाकी नऊ आले होते. इथे गाऱ्हाण्याचा क्रम पोरंटोरं देवळात ऐकत ऐकत शिकलेली. बुवांना गिऱ्हाईक तयारच मिळालं होतं.

तिचा नंबर आला. "कळा मीच दाबते," ती म्हणाली.

बुवा थबकले. "यंत्राला सवय आहे माझ्या..."

"मघाशी म्हणालात, देव कोणाच्याही बोटांतून बोलतो. माझी आवडणार नाहीत त्याला?"

मागे कोणीतरी खुदकन हसलं. बुवांना सरकावं लागलं.

आनंदीने लिहिलं, गुरुजी वाचत गेले. "माझी आवस खोकता. गोळ्यो सोडल्यार ती मरात काय?" आणि खाली उत्तर आलं, "भाव शुद्ध नाय."

"आईसाठी विचारलं, तरी?"

"मनात गर्व आहे तुझ्या," बुवा म्हणाले.

"बरं. काढते." तिने पुन्हा कळा दाबल्या.

"देवा म्हाराजा," गुरुजी वाचू लागले, "नाव रगडो, मुक्काम वालावल, त्रास खोकलो, शिमग्यापासून, गोळ्यो घेता, उपाय सांग. अगो आनंदी, रगडो कोण?"

"आमच्या घरातलो. दगडाचो."

पडदा भरू लागला. गुरुजींचा आवाज सवयीने चढलेला. "रगड्या, वालावलच्या लेकरा, तुझो खोकलो माका दिसता. शिमग्यापासून तुका भावबंदांची नजर..." ते थांबले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग प्रामाणिक माणूस तो, पुढचंही वाचलं. "गोळी बंद. अंगारो पोटात घे."

मग मागून एक म्हातारी म्हणाली, "रगड्याचे भावबंद कोण गो? पाटो आणि वरवंटो?"

मांगर हशाने फुटला.

"देवाची थट्टा करतेस," बुवा म्हणाले.

"थट्टा मी केली. देवाला कळायला नको होती?"

बुवांनी टीव्हीचा प्लग ओढला. देव एका झटक्यात गेला.

आनंदीने सगळं उलगडून सांगितलं. नावाच्या जागी जे येईल ते नाव, त्रासाच्या जागी जे येईल तो त्रास. गोळी शब्द दिसला की 'गोळी बंद' हे आधीच लिहून ठेवलेलं. महादू पुढे सरकला. "म्हणजे माझ्या होडयेचां त्येका कायच ठावक नाय?"

"होडी म्हणजे काय हेच ठाऊक नाही त्याला. विचारा ना, कोणालाही विचारा, देवाला, बुवाला, मलाही. पण आधी एखादा खोटा प्रश्न घालून बघा. जो त्यालाही तितक्याच थाटात उत्तर देतो, त्याच्या हाती आपलं माणूस देऊ नका."

माना डोलल्या. आणि बाहेर पडताना एक बाई बुवांना पुढच्या गुरुवारचं हळूच विचारत होती, "बेस्तरवारी आसा ना?" आनंदीच्या डोळ्यांत पाणी आलं ते तेव्हा.

पण माई दुसऱ्या दिवशी एस्टीत बसली. मालवणच्या दवाखान्यात लाल लघवीचं तिने स्वतःच सांगितलं, खाली मान घालून. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"तो गोळीचा रंग आहे, रक्त नव्हे. मी आधीच सांगायला हवं होतं."

"बरी होईल ना ती?" आनंदीने विचारलं.

"आत्ता नाही सांगता येणार. थुंकी तपासू, छातीचा फोटो काढू. मग बघू, त्याच गोळ्या चालतील की बदलाव्या लागतील."

बाहेर येऊन आनंदी बाकावर बसली. इतका आटापिटा करून आईला इथवर आणावं, आणि इथे धड उत्तर नाही.

माई मात्र उभीच होती. "ह्यो खरो," ती म्हणाली.

"कशावरून?"

"ठावक नाय तां ठावक नाय म्हणालो. त्या यंत्रान एकदाय म्हटल्यान नाय."

आणि थुंकीची डबी पदराआड धरून ती तपासणीच्या खिडकीकडे चालू लागली.