पाऊण टाकी

मित्रांनो, मी एक जुना बंब आहे. आंघोळीचं पाणी तापवणारा तांब्याचा बंब नव्हे हं. आग विझवणारा, लाल रंगाचा, डोक्यावर दिवा असलेला. अमरावतीहून अकोल्याकडे निघालात की मधे एक नगरपालिकेचं गाव लागतं, तिथला मी. गावाचं नाव सांगत नाही. ते बदनाम झालं, तर त्याचंही खापर माझ्याच टाळक्यावर फोडतील.

माझा जन्म कारखान्यात झाला. सांगाडा एकाचा, इंजिन दुसऱ्याचं, आणि पोटात ही भलीमोठी पाण्याची टाकी. गावात आलो तेव्हा काय थाट होता! नारळ फुटला, झेंडूचे हार पडले, पोरं माझ्यामागे धावली. त्याच दिवशी मला माझी दोन माणसं मिळाली. ड्रायव्हर जानराव आणि फायरमन देवमन. जानराव तोंडाचा फटकळ, देवमन हाताचा नेटका. माझ्या पाइपाचं पितळी तोंड तो चिंचेनं घासायचा. टाकी भरताना वरच्या झाकणातून पाणी सांडून त्याच्या चपला भिजल्या, की मगच नळ बंद करायचा. मग माझ्या पोटावर थाप मारून म्हणायचा, "भरलं बावा!"

माझ्या शेडच्या अगदी समोर पार्वताबाईंचं घर. त्या एकट्याच राहायच्या. मुलगा गोपाल नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात कामाला. भाव चढेपर्यंत कापूस विकायचा नाही, हा बाईंचा हट्ट. पुढच्या खोलीत तो छताला टेकेस्तोवर भरून ठेवायच्या आणि स्वतः मागच्या खोलीत निजायच्या. घराला दार एकच, तेही कापसाच्या खोलीतून. शेजारणी म्हणायच्या, "बाई, इस्तू लागला त काय करसान?" बाई माझ्याकडे बोट दाखवायच्या. "समोर बंब उभा हाय ना माय. मले कायचं भेव?"

ऐकून मला काय बरं वाटायचं, म्हणून सांगू! गावातल्या कोणत्याही हारापेक्षा मला तेवढं एक वाक्य पुरे होतं.

मग नवे मुख्याधिकारी आले. घरपट्टीची वसुली थकली होती. तुमच्याच घरच्यांनी भरली नव्हती, आता मान खाली घालू नका. हुकूम निघाला की वसुली होईपर्यंत सगळ्या कर्मचाऱ्यांना पाऊण पगार. जानरावनं दिवसभर शिव्या घातल्या. देवमन मात्र टाकी काठोकाठ भरत राहिला.

"अबे, पाऊण पगार भेटते त पाऊण टाकी भर ना!" जानराव त्याला डिवचायचा. "कायले पालिकेचं पानी सांडवून राहिला?"

"पानी पालिकेचं नाई, गावाचं हाय," देवमन म्हणायचा आणि हसायचा.

एके दिवशी साहेब शेड पाहायला आले. देवमन हात जोडून पुढे झाला. "साहेब, घर चालत नाई जी. आमचा तरी पगार पुरा करा."

साहेबांनी माझ्या बॉनेटवर टिचकी मारली. "आग काय रोज लागते? बाकीचे दिवस तुम्ही बसूनच तर असता. बसायचा पगार पूर्ण कशाला हवा?"

ते हसले. मागचा शिपाईही हसला, आणि त्याचाही पगार कापलेला होता बरं का. देवमनचे कान लाल झाले. पोटाला चिमटा बसला तो त्यानं सोसला होता, पण हे हसणं त्याच्या जिव्हारी लागलं. गावात आग लागू नये म्हणून तो बसायचा नाही; लागली तर क्षणात उठता यावं म्हणून बसायचा. ते बसणंच त्याचं काम होतं, आणि साहेबांनी नेमकं तेच फुकट ठरवलं.

त्या संध्याकाळी माझ्या पोटात पाणी पाऊण टाकीपर्यंत चढलं आणि नळ बंद झाला. मी वाट पाहिली. देवमनच्या चपला कोरड्याच राहिल्या. जानराव टाळी देत म्हणाला, "आता झाला हिसोब बराबर!" दुसऱ्या दिवसापासून चिंच बंद, पाइप वाळत घालणं बंद. पितळ हिरवं पडलं. अरे, आग काही पाऊण लागत नाही! पण बंबाचं कोण ऐकतो?

चैत्रातली टळटळीत दुपार होती. पार्वताबाईंच्या पुढच्या खोलीत विजेच्या वायरीची ठिणगी कापसात पडली. बाई मागच्या खोलीत अडकल्या. 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' असं लोक हसत म्हणतात. इथं तर आग माझ्या नाकासमोर होती. जानरावनं पंप सुरू केला आणि पाइप धरला. देवमन ओलं पोतं डोक्यावर घेऊन आत घुसला. जानराव त्याच्या पाठीवर आणि दारावर पाणी मारत राहिला. गाव गोळा झालं. किती जणांनी बादली आणली? एकानंही नाही. मोबाइल मात्र सगळ्यांनी काढले.

कापूस वरून विझतो आणि आतून धुमसतो. पाणी थांबलं की पुन्हा पेटतो. देवमन मागच्या खोलीपर्यंत पोचला. आतून त्याचा आवाज आला, "भेटली! बाई भेटली! पानी मार!"

आणि माझं पाणी संपलं.

पाइपातून नुसती हवा फुरफुरली. मित्रांनो, त्या वेळी माझ्या पोटात तो पाव हिस्सा असता, तर दार आणखी थोडा वेळ ओलं राहिलं असतं. दोघं बाहेर आली असती. जानराव किंचाळला, "पानी खतम झालं बे! भायेर ये!" पेटता ढिगारा ढासळला. देवमन बाहेर आला तो एकटाच. दोन्ही हात भाजलेले. "माया हात धरला होता तिनं," एवढंच तो म्हणत होता. लोकांनी त्याला तिथंच चपलांनी मारलं.

शेजारच्या तालुक्यातला बंब आला तेव्हा विझवायला राख उरली होती.

संध्याकाळी साहेब शेडमध्ये आले. आता ते हसत नव्हते. "चौकशी समिती परवा येतेय. पाणी का संपलं, हे विचारणार." मग माझ्याकडे न पाहता हळूच म्हणाले, "टाकी जुनी आहे. गळत असेलच. गळत असली, तर तुमच्यावर काही येत नाही. माझ्यावरही नाही."

साहेब गेल्यावर जानरावनं छन्नी आणि हातोडा आणला. देवमन म्हणाला, "नको, जानराव." जानराव म्हणाला, "मंग जेलात जाशीन काय? लेकरं कोन पोसन?" देवमन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. माझ्या पोटाच्या खालच्या अंगाला जानरावनं घाव घातले. मी आयुष्यभर आगीत उभा राहिलो, पण एवढं कधी दुखलं नव्हतं.

समिती आली. एका साहेबांनी भोकात बोट घातलं आणि "गळते" म्हणाले. सगळे वाचले. मला भंगारात काढायचं ठरलं.

तेराव्यानंतर गोपाल आला. देवमनसमोर बसून त्यानं विचारलं, "भाऊ, खरं सांग. पानी कावून संपलं? माय रोज म्हने, समोर बंब हाय."

देवमननं पट्ट्या बांधलेले हात मांडीवर ठेवले. "टाकी गळत होती, भाऊ. आमाले मालूमच नोतं."

गोपालनं विश्वास ठेवला. उठला, माझ्याजवळ आला आणि दगड घेऊन माझ्या पोटावर मारत सुटला. दमेपर्यंत मारलं, मग रडत माझ्याच चाकाला टेकून बसला. देवमननं त्याला अडवलं नाही. मला तोंड असतं, तर मी त्याला एकच गोष्ट सांगितली असती.

तुम्ही तरी लक्षात ठेवा, मित्रांनो. कोणाला गळका म्हणण्याआधी खाली वाकून त्याचं भोक नीट बघत जा. गंजून पडलेल्या भोकाचा पत्रा कुजून झडतो. ठोकून पाडलेल्या भोकाचे काठ आत वळलेले असतात.