आई झोपलीये, नंतर या

रविवारची दुपार होती, आणि पिटुकलीची आई ओट्याखालच्या फरशीवर मेल्यासारखी पडली होती. खेळच तसा होता. आई उठत नाही असं दिसलं की पिटुकलीने स्टूल ओढायचं, दाराची वरची कडी काढायची, खालच्या मजल्यावर शिंपीणकाकूंकडे जायचं आणि म्हणायचं, "काकू, आई उठत नाहीये." बाकीच्या आया पहिलीतल्या पोरींना पाढे शिकवतात, हिने हे काढलं होतं. पण तिला नावं ठेवण्याआधी तिच्या पोटात कसली भीती होती ते ऐकायला हवं.

पिटुकलीच्या बाळंतपणानंतर तिची पाठ धरली, म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. पाठ सुटली, गोळ्या सुटल्या नाहीत. त्या कुठून आणि काय थापा मारून मिळवायच्या यात ती पुढे इतकी तरबेज झाली की तेवढ्या हुशारीत एखादीने चांगलं दुकान चालवलं असतं. नवरा कंटाळून निघून गेला. दिवसचे दिवस ती याच खोलीत पडून असायची, आणि पोरीला तिने पढवून ठेवलं होतं की दार कुणाला उघडायचं नाही, कुणी आलंच तर म्हणायचं, "आई झोपलीये, नंतर या." पोरगी गुणाची. तिने ते तोंडपाठ केलं. शेवटी एक दिवस शिंपीणकाकूंनी माणसं बोलावून दार फोडलं, तेव्हा आईचे ओठ निळे पडले होते आणि पिटुकली तिच्या अंगावर चादर घालून शेजारी गप्प बसली होती.

मग दवाखाना झाला, आणि दवाखान्यानंतर व्यसन सोडणाऱ्या आयांचं आधारघर. तिथे आया आपापल्या मुलांसकट राहत. तिथल्या ताईंना सगळ्याजणी पाठीमागे फौजदारीणबाई म्हणायच्या आणि समोर चळाचळा कापायच्या. पण हिला हॉटेलच्या लाँड्रीत चादरी इस्त्री करायचं काम लावून दिलं ते ताईंनीच, आणि ही पोर घेऊन आपल्या खोलीवर राहू शकेल असं वरिष्ठांना छातीठोकपणे सांगितलं तेही ताईंनीच. अट एकच होती. ताई न सांगता केव्हाही येणार, आणि त्यांना नुसती शंका आली तरी पोर त्याच दिवशी परत जाणार, आईशिवाय.

ताईंना ती भ्यायचीच, पण त्याहून जास्त ती स्वतःला भ्यायची. आधारघरातून तिच्यासारख्याच हसतखेळत बाहेर पडलेल्या दोघी पुन्हा घसरल्या होत्या. उद्या आपलाही पाय घसरला तर? तर पोरगी पुन्हा चादर घालून बसणार. हा विचार तिला इस्त्री फिरवताना गाठायचा, भाजी निवडताना गाठायचा, आणि त्या विचारापायी तिने हा खेळ शोधला होता.

पहिल्या दोन खेपांना पिटुकली खुदुखुदु हसली होती. आज हसली नाही. आई डोळे मिटून कान लावून पडली होती. आता स्टूल सरकेल, मग सरकेल, पण सरकलं ते कपाटाचं दार. पावलं जवळ आली आणि अंगावर हलकेच चादर पडली. पायांखाली तिची कड खोचली गेली. मग पोरगी तिच्या शेजारी फरशीवर बसली आणि गप्प झाली.

उठावं, पोरीला पोटाशी धरावं, असं आईच्या मनात येतंय तोच बेल वाजली.

"पिटुकले, मी ताई. आई कुठंय?"

पिटुकली उठली, तिने दाराच्या फटीशी तोंड नेलं आणि हळू, अगदी सभ्य आवाजात म्हणाली, "आई झोपलीये. नंतर या."

बाहेर एकदम शांतता झाली. ते वाक्य ताईंना माहीत होतं. आधारघरात सगळ्यांसमोर बसून हिनेच ते रडत रडत सांगितलं होतं.

"बरं," ताई म्हणाल्या. आवाज एकदम मऊ झाला होता, आणि त्या मऊपणाचीच जास्त भीती वाटत होती. "कुठे झोपलीये? पलंगावर?"

"नाही. खाली."

"हाक मार बरं तिला."

पिटुकली परत आली. "आई," ती म्हणाली, जागं करायला नाही, जाग येऊ नये म्हणून म्हणावं तशी.

आता उठायला हवं होतं. उठून हसत दार उघडलं असतं, तर कदाचित निभावलंही असतं. पण मग पोरगी काय शिकली असती? चादर घालून गप्प बसलं की आई आपोआप उठते, हेच. उठावं तर पोरगी पुन्हा तेच शिकणार, पडून राहावं तर पोरगीच जाणार. चादरीखाली तिने मुठी इतक्या आवळल्या की नखं रुतली. ती उठली नाही.

"दार उघडतेस का गं?" बाहेरून आवाज आला.

"कुणाला उघडू नको असं आईने सांगितलंय."

"कधी सांगितलंय?"

"आधी."

"आणि आता काय सांगितलंय?"

पिटुकलीने वळून चादरीकडे पाहिलं. मग स्टूल फरशीवर करकरत सरकलं. कडी दोनदा अडकली, तिसऱ्यांदा निघाली.

"ताई, आई उठत नाहीये," पोरगी म्हणाली आणि तिने भोकाड पसरलं.

आई ताडकन उठून बसली, पण तोवर ताईंची बोटं तिच्या मानेवर होती. ताईंनी तिच्या पापण्या वर करून पाहिल्या, तोंडाचा वास घेतला, तिला भिंतीपर्यंत चालवलं. डबे उपडे केले, गादी उलटली. ती पोरीला कडेवर घेऊन मागे मागे फिरत खेळाचं सांगत होती, आणि तिचं तिलाच ते धडधडीत खोटं वाटत होतं. एवढ्या वर्षांच्या थापांनंतर खरं बोलायला गेलं तरी जीभ थापेसारखीच वळते.

कुठे काही सापडलं नाही. ताई स्टुलावर बसल्या आणि त्यांनी पाणी मागितलं.

"असला खेळ असतो का गं? बेल वाजली तेव्हा का नाही उठलीस?"

"उठले असते, तर तिने दार कधीच उघडलं नसतं."

ताईंनी पेला खाली ठेवला. "दार फोडायला माणसं बोलवायची म्हणून मी फोन हातात घेतला होता. आत्ताच्या आत्ता तपासणीला चल. नीट आली तर पोर तुझ्याकडे. आणि हा खेळ बंद. पोरीला काय सांगायचं ते मरून नाही सांगायचं, जागेपणी समोर बसून सांगायचं."

तिघीजणी जिना उतरू लागल्या. तपासणीची भीती नव्हती, अंगात काही नाही हे तिला ठाऊक होतं. किती दिवसांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. पिटुकली तिचं बोट धरून एकेक पायरी उड्या मारत होती.

"आई, आज मी दार उघडलं, म्हणून तू लगेच उठलीस ना?"

"हो गं माझी राणी."

पिटुकली पुढच्या पायरीवर थांबली. "त्या वेळी मी उघडलंच नाही. म्हणून तू उठत नव्हतीस."

शिंपीणकाकूंच्या दारातून मशीनची घरघर येत होती. पुढे गेलेल्या ताई थांबल्या, पण वळल्या नाहीत. तिला गोळ्यांची भीती माहीत होती, ताईंची माहीत होती, स्वतःची तर होतीच. हे पोरगी एवढे दिवस एकटी घेऊन फिरत होती, आणि कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. ती तिथेच जिन्यात बसली. पोरीला तिने समोरासमोर उभं केलं आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"नाही," ती म्हणाली. "त्या वेळी आईने गोळ्या खाल्ल्या होत्या. ऐक, तुला सगळं सांगते."